सुट्टीत न झोपणारा कॉम्प्युटर

जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाने आपला कॉम्प्युटर झोपवूनच उठायचं, असं परिपत्रक साहेबांनी काढलं आणि आवकबाईंचा घास कडू झाला. बाई ऑफिसचं आवक-जावक सांभाळत. एकवीस वर्षांत एक मेमो नाही, आणि पुढच्या महिन्यात हेडक्लार्कची खुर्ची त्यांनाच मिळायची होती. बाकीचे अठरा कॉम्प्युटर सांगितल्यासरशी गुमान झोपत. बाईंचाही झोपे, पण त्या डबा खाऊन येईपर्यंत टक्क जागा होऊन बसे. सुट्टी संपली की साहेब ताजेतवाने होऊन फेरी मारत. दोनदा त्यांनी नुसतं पाहिलं. तिसऱ्यांदा मेमोच हातात ठेवला: दोन दिवसांत लेखी खुलासा करा, नाहीतर बढती विसरा.

बाईंना रडूच आलं. मग डोळे पुसून त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने यंत्राच्या पोटात शिरून नोंद काढली, की रोज पावणेदोनला माऊस हलतो, म्हणून हा उठतो. बाई म्हणाल्या, त्या वेळी टेबलापाशी चिटपाखरू नसतं. शेवटी दोघं डबा न खाता राखणीला बसले. पावणेदोनला टेबल थरथरलं, माऊस केसभर सरकला आणि पडदा उजळला. टेबल प्लायवुडच्या पार्टिशनला भिडवलेलं होतं, आणि पलीकडे साहेबांची केबिन. कॉम्प्युटरवाल्याने कान लावला, मग फटीतून पाहिलं. साहेब खुर्चीत मागे रेलून गाढ झोपले होते, आणि प्रत्येक घोरण्याला खुर्चीची पाठ पार्टिशनवर आदळत होती.

"यंत्रात दोष नाही, एवढं मी लिहून देतो," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "पुढचं तुमचं तुम्ही लिहा." शहाणा माणूस, चहालाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांना विनवलं, की एकदा स्वतःच येऊन बघा. साहेब सुट्टीभर त्यांच्या टेबलापाशी बसले. कॉम्प्युटर तान्ह्या बाळासारखा झोपला. साहेब म्हणाले, म्हणजे हा तुमचाच निष्काळजीपणा. बाईंनी कपाळाला हात लावला. साहेब जागे असले की हा झोपणार, आणि हा उठेल तेव्हा बघायला साहेब जागे नसणार. सांगावं तर साहेब भडकणार, न सांगावं तर बढती गेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

मुदत पाच वाजता संपत होती. पावणेपाचला बाईंनी खुलासा नेऊन दिला: 'कॉम्प्युटर का उठतो ते मला कळले आहे. उद्या पावणेदोनला साहेबांना प्रत्यक्ष दाखवण्यास मी तयार आहे. फक्त त्या वेळी साहेबांना हाक मारून उठवण्याची लेखी परवानगी मिळावी.'

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मान वळवून पार्टिशनकडे पाहिलं, मग खुर्चीच्या झिजलेल्या पाठीकडे. त्यांनी मेमो मागून घेतला आणि फाडून टाकला.

"टेबल चार बोटं पुढे ओढून घ्या," ते म्हणाले. थोड्या वेळाने आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "आणि बाई, त्या कॉम्प्युटरवाल्याला यातलं काही कळलंय का?"

"छे हो साहेब. यंत्रातलं सोडून त्याला काय कळतंय?"

उत्तर हेडक्लार्कला शोभेल असंच होतं, आणि साहेबांनाही ते पटलं.