आबा सांगस

३१ जुलैला सकाळी मी बाराशे रुपये ठरवून गाडी केली. हजर चौघे: मी, माझी पत्नी सुनंदा, ड्रायव्हर गुलाब आणि आमचे साक्रीतले शेजारी मुरलीआबा मास्तर. आबांचा त्या दिवशी नोकरीतला शेवटचा दिवस. शाळा पिंपळनेरच्या पलीकडे, डोंगरातल्या पाड्यावर.

"बसा, आबा," गुलाब म्हणाला. आबा उभेच.

"बसा ना!" आबा विजेच्या तारा न्याहाळू लागले.

मग मी म्हणालो, "आबा सांगस, गाडीत बसा." आबा टुणकन आत.

"यांचं काय बिनसलंय?" गुलाबने हळूच विचारलं.

बिनसलं काही नव्हतं. हा त्यांच्या वर्गातला खेळ. हुकमाआधी 'आबा सांगस', म्हणजे 'आबा सांगतात', हे शब्द आले तरच हलायचं. नाहीतर जागेवर दगड. मुलांनी नीट ऐकावं म्हणून काढलेला. पण मास्तरांनी तो गावभर लावला. आमचा वाणी आता मुकाट्याने म्हणतो, "आबा सांगस, चाळीस रुपये द्या."

"कान तर बकरीले बी शेतस, भाऊ," आबा मला सांगत. "ऐकनं येगळं."

दुसऱ्या खेळात मुलांनी डोळे मिटायचे, आबा मागे चिंचोका, खडू, डबीचं झाकण असं काहीतरी पाडणार, आवाजावरून ओळखायचं. आबांच्या घरी दुसरं कोणी नाही, त्यामुळे संध्याकाळी हे खेळ आमच्याकडे होतात. एकदा मी डोळे मिटले आणि बरोबर ओळखलं: बशी. सहाच्या सेटमधली.

एका दिवाळीत ते गप्पांच्या ओघात म्हणाले, "काल पिंपळनेरच्या बाजारातून ताजे आंबे आणले. ऐंशी रुपये किलो."

"महाग पडले," मी म्हणालो.

सुनंदा हसून लोटपोट. "अहो, दिवाळीत आंबे कुठले?"

"भाऊ फक्त भाव ऐकस," आबा म्हणाले. "यास्ले पहिलीतच बसाडा."

आम्ही शाळेत पोहोचलो. निरोपाच्या कार्यक्रमाला वरच्या कचेरीतून एक साहेब आले होते. "मुलांनो, उभे राहा!" कोणी हललं नाही. "टाळ्या वाजवा!" वर्ग चिडीचूप. साहेब आबांकडे वळले. "मास्तर, यांना ऐकू येतं ना?"

"येतं साहेब. म्हणूनच हलत नाहीत."

मग आबांनी हळूच म्हटलं, "आबा सांगस, टाळ्या." छताचे पत्रे थरथरले.

भाषणं झाली. साहेब गेले. पाच वाजले, गुलाबने हॉर्न दिला. मुलं बाहेर पडली की कुलूप लावायचं आणि किल्ली त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईंच्या हातात द्यायची, एवढंच राहिलं होतं.

"जा रे, बठ्ठा घर जा," आबांनी सगळ्यांना सांगितलं.

मुलं बसूनच. पुढची एक पोरगी गालात हसली.

"जा ना आते. उशीर व्हस."

कोणी उठेना. मी खिडकीतून कुजबुजलो, "आबा, 'आबा सांगस' राहिलं!"

"माहीत शे, भाऊ," आबा म्हणाले. मग ते खुर्ची सोडून मुलांमध्ये जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. "चला, काय पाडतस ते पाडा. मी वळखस."

गुलाब पुन्हा हॉर्न द्यायला निघाला. सुनंदाने त्याला हाताने थांबवलं.

गाडी साडेसहाला निघाली. थांबण्याचे दोनशे धरून गुलाबला एकूण चौदाशे रुपये दिले.