मोहितेकाकांची पियानोची खुर्ची

मोहितेकाकांच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या दोहोंवर बसायची कुणाला परवानगी नव्हती. महाडच्या त्या चाळीत मी नव्यानं राहायला आले, तेव्हा ओळख करून घ्यायला त्यांच्याकडे गेले. भिंतीजवळच्या खुर्चीवर टेकणार, तोच काका म्हणाले, "तिथं नको. तिथं पियानो आहे."

मी दुसरीकडे वळले.

"तिथं व्हायोलिन."

मी उभ्यानंच ओळख करून घेतली.

काका स्वतः तिसऱ्या खुर्चीवर बसत आणि चेलो वाजवत. व्हायोलिनचा थोरला भाऊ शोभावा एवढं ते वाद्य गुडघ्यांत धरून संध्याकाळी त्यांचं सुरू व्हायचं. थोडं वाजवायचे, मग गज हवेत धरून गप्प. पियानोकडे बघून मान डोलवायचे, व्हायोलिनकडे बघून भुवई उंचवायचे, आणि एकदम पुन्हा सुरू. रचना तिघांची होती. चाळीला त्यातली एकाचीच ऐकू यायची.

त्यांना भाकरी करून द्यायला शेवंताबाई यायची. ती मूळची कापडे गावची. एकदा तिनं मला जिन्यात गाठलं. "बाय गो, ह्यो मानूस बरा हाय ना? 'आम्ही जेवलो' म्हनतात. आम्ही कोन? भाकऱ्या तर दोनच संपतात."

तिचा प्रश्न मी काकांपर्यंत नेला, तेव्हा ते मनापासून हसले आणि मग सगळं सांगितलं. तरुणपणी ते मुंबईच्या एका हॉटेलात वाजवायचे. पियानोवर आयरीन, व्हायोलिनवर रुस्तमजी नावाचे पारशी गृहस्थ. हॉटेलात लोकांच्या चहाला साथ म्हणून हलकंफुलकं वाजवायचं, आणि रविवारी आयरीनच्या भायखळ्याच्या घरी स्वतःसाठी खरं संगीत. पुढे हॉटेलनं विजेच्या गिटारी आणल्या. रुस्तमजी वारले. आयरीन बहिणीकडे परदेशी गेली. काका चेलो घेऊन महाडला आले.

"पत्र नाही येत?" मी विचारलं.

"तिला लिहायचा कंटाळा. मला मजकूर सुचत नाही."

मी शाळेत भूगोल शिकवायचे आणि सकाळी प्रार्थनेला पेटी वाजवायचे. पेटीचं कळल्यापासून काका जिन्यात माझ्या बोटांकडे बघू लागले. त्यात सरकारी दवाखान्यात सिस्टर फिलोमिना बदलून आली. गोव्याची. चर्चमध्ये व्हायोलिन वाजवलेली. काकांनी आधी किरकोळ खोकल्याचं निमित्त करून तिची भेट घेतली आणि मग आम्हा दोघींना समोरासमोर बसवून म्हणाले, "एक संध्याकाळ. फक्त एक."

महाडात आम्हाला पियानो मिळण्यासारखा नव्हता. शाळेच्या अडगळीत कुठल्याशा नाटक मंडळीची पायपेटी पडली होती. काकांनी ती वाजवून पाहिली. "पियानो बोलतो. ही उसासे टाकते," म्हणाले. मग भात्यावरची धूळ झटकत, "चालेल. आयरीनलाही सर्दी व्हायचीच."

त्यांनी माझ्यासाठी पियानोचा भाग सोपा करून दिला. पावसाळाभर आम्ही घोटला. काका कडक होते. मी एखादा सूर लांबवला की म्हणायचे, "बाई, तो सूर व्हायोलिनच्या वाटचा आहे." सिस्टर ड्यूटीवरून यायची, हाताला डेटॉलचा वास घेऊन वाजवायची आणि वाजवता वाजवता जांभया द्यायची.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. काका काळा कोट घालून आले. त्याला कापराच्या वड्यांचा वास होता. शिक्षक आले, चाळ आली, पुढच्या सतरंजीवर शेवंताबाई बसली. मुख्याध्यापकांचं पाश्चात्त्य संगीतावर बरंच बोलून झाल्यावर आम्ही सुरू केलं. पहिला भाग लोकांनी सहनशीलतेनं ऐकला. मधेच कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या बाकीच्यांनी दाबल्या.

मग संथ भाग आला. तो पियानो एकटाच सुरू करतो. मी पायानं भाता दाबू लागले. चारदोन ओळी नीट गेल्या आणि चेलो येऊन मिळाला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. चाळीत इतके दिवस ऐकलेले ते अर्धवट सूर कशाला उत्तर देत होते, ते मला त्या क्षणी कळलं. आणि त्या नादात मी चुकले. बोटं थांबली. पुढचं काहीच आठवेना. सिस्टरही थांबली.

काकांनी गज खाली घेतला. डोळे मिटलेले होते. इतक्या हळू आवाजात बोलले, की हॉल शांत नसता तर कुणाला ऐकूही आलं नसतं.

"आयरीन, घाई नाही. पुन्हा."

मी वर पाहिलं. काकांनी डोळे उघडले नव्हते. समोर कुणी हसलं नाही. शेवंताबाईनं पदर तोंडाशी नेला.

मी "हो" म्हणाले आणि पहिल्यापासून सुरू केलं.

या वेळी आम्ही शेवटपर्यंत गेलो.

परत निघालो तेव्हा दिवे लागले होते. सिस्टर दवाखान्याकडे वळली. काका चेलो पाठीवर घेऊन माझ्याबरोबर चालत होते. आम्ही बाजार ओलांडला. मग म्हणाले, "मधे मी काही बोललो का?"

"नाही, काका."

ते थोडं पुढं गेले. "ती चुकायची. दर रविवारी कुठंतरी चुकायचीच. रुस्तमजी चिडायचे. मी तेवढं एकच वाक्य बोलायचो." त्यांनी चेलो एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. "बाकीचं बोलायचं राहून गेलं."

चाळीचा जिना अरुंद होता. मी चेलोचं खालचं टोक धरलं. त्यांनी धरू दिलं, आणि आम्ही दोघं सावकाश वर चढलो.