किमान पातळी (सुधारित)

सोमवारी सकाळी सव्वासहा वाजता दादामियाँ यांनी पिकअपचे बॉनेट उघडले, तेव्हा इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीतली पातळी शनिवारपेक्षा एक बोट खाली होती. मूळ घटना एवढीच. पुढचे सारे कार्यालयाने घडवले.

दादामियाँ हे बालकाहार मंडळाचे ज्येष्ठ वाहनचालक. हडपसरच्या स्वयंपाकघरातून खिचडीची पिंपे घ्यायची आणि पावणेबाराला कर्वेनगरच्या शाळेत पोहोचवायची, हे काम ते सव्वीस वर्षे करत होते. निवृत्तीला चार महिने उरले होते. आजवर एकाही मुलाची पंगत त्यांच्यामुळे खोळंबली नव्हती, याचा त्यांना अभिमान होता. फक्त तो ते बोलून दाखवत नसत.

त्यांनी टाकी भरली, पाइप चाचपले, गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला. आठवडाभर पुठ्ठा कोरडा आणि टाकी रोज एक बोट खाली. सकाळी मात्र सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येई. इंजिनाच्या हेडखालचा सांधा बंद ठेवणारे गॅस्केट गेले आहे आणि कूलंट इंजिनात शिरून आतल्या आत जळते आहे, हे त्यांनी ओळखले. तसा रीतसर अर्ज केला.

वाहन अधिकारी श्यामसुंदर चित्राव यांनी अर्ज दोनदा वाचला.

"गळती आहे कुठे?"

"बाहेर नाही, साहेब. आत आहे. धुरातून जातं."

"म्हणजे जमिनीवर थेंब नाही."

"नाही."

"मग ही गळती नव्हे, दादामियाँ. ही घट आहे. गळती असती तर आजच गाडी गॅरेजला धाडली असती. घट भांडार विभाग पाहतो. जिना चढून उजवीकडे. जेवणाच्या सुट्टीनंतर."

भांडारपाल सुहासिनीबाईंनी 'घट' हा शब्द वाचला आणि चष्मा सरळ केला.

"कोण नेतं?"

"कोणी नेत नाही, बाई. इंजिन पितं."

"इंजिन आपल्या आस्थापनेवर नाही. माणसाचं नाव सांगा." त्यांनी अर्जातल्या एका शब्दावर बोट ठेवले. "इथे 'गोडसर' लिहिलंय. आपण चव घेतलीत?"

"वास, बाई. फक्त वास."

"सुरुवात वासानेच होते," असे म्हणून बाईंनी फाइल उघडली.

तिसऱ्या दिवशी आदेश निघाला. अपहारास आळा घालण्यासाठी टाकीच्या झाकणाला सुतळी गुंडाळून लाखेचे सील लावण्यात यावे आणि चौकशी पूर्ण होईतो ते कोणीही उघडू नये.

"मग कूलंट भरायचं कसं?" दादामियाँनी विचारले.

"सील असल्यावर कमी होणारच नाही," बाई म्हणाल्या. "मग भरायचं कशाला?"

दादामियाँना या बोलण्यात चूक सापडेना. चूक इंजिनात होती.

पाचव्या दिवशी सीलबंद टाकीतली पातळी 'किमान' रेषेच्या खाली गेली. तीन जणांची समिती आली, प्लास्टिकमधून आत डोकावली आणि तिने निष्कर्ष काढला. सील शाबूत, म्हणजे चोरी नाही. पुठ्ठा कोरडा, म्हणजे गळती नाही. तेव्हा कूलंट कमी होणे शक्यच नाही. दोष रेषेचा असला पाहिजे. चित्रावांनी खिशातला मार्कर काढून चार बोटे खाली नवी रेषा ओढली, शेजारी 'सुधारित' लिहिले आणि सही ठोकली. गाडी सुस्थितीत असल्याचा दाखला त्याच दुपारी मिळाला.

"साहेब, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातोय."

"खिचडी गरमच नेता ना?"

"हो."

"मग?"

गाडी काढायची नाही, असे दादामियाँच्या मनात दोनदा आले. पण मंडळाकडे दुसरी गाडी नव्हती आणि शाळेकडे दुसरी खिचडी नव्हती. गुरुवारी त्यांनी किल्ली फिरवली.

राजाराम पुलावर बॉनेटमधून वाफेचा लोट उसळला आणि पिकअप मधोमध थांबली. मागून हॉर्न सुरू झाले. कोणी काच खाली करून "अहो, पूल काय आपल्या मालकीचा आहे?" असे विचारले, कोणी व्हिडिओ काढला. दादामियाँ तिथेच उभे राहिले. इंजिन निवायला पाऊण तास लागला. मग त्यांनी एकदा इकडेतिकडे पाहिले, दोन्ही हातांनी सील तोडले आणि पिंपांशेजारी ठेवलेला मुलांच्या पिण्याच्या पाण्याचा अख्खा कॅन टाकीत रिकामा केला.

गाडी खोकत, थांबत शाळेच्या फाटकात शिरली आणि तिथे तिने कायमचा श्वास सोडला. दीड वाजला होता. पोरे ताटल्या घेऊन रांगेत बसली होती.

"दादामियाँ, आज उशीर?" श्यामलाबाई पुढे आल्या. या तिथल्या मुख्याध्यापिका.

"इंजिनाला तहान लागली होती, बाई." डाव त्यांनीच हातात घेतला आणि शेवटच्या ताटलीपर्यंत वाढले.

शुक्रवारी आरोपपत्र आले. सील तोडणे, बालकांचे पाणी इंजिनास पाजणे, सुस्थितीत असल्याचा दाखला असलेले वाहन बंद पाडणे. निलंबन तात्काळ, निवृत्तिवेतन निकालापर्यंत स्थगित.

"वाफ निघाली तेव्हा पुलावर शेकडो माणसं होती," दादामियाँ म्हणाले. "सील तोडण्याआधीच गाडी बंद पडली होती, हे सगळ्यांनी पाहिलंय."

चित्राव न्यायप्रिय होते. त्यांनी लगेच वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली: सदर प्रसंग पाहिलेल्या नागरिकांनी पंधरा दिवसांत मंडळाच्या कार्यालयात येऊन दोन ओळी लिहून द्याव्यात.

पंधरा दिवस दादामियाँ इस्त्रीचा सदरा घालून कार्यालयाच्या बाकावर बसले. जिन्यावर पाऊल वाजले की मान वर करत. सोळाव्या दिवशी चौकशी बंद झाली आणि आरोप सिद्ध झाले.

सूचना पाचव्या पानावर, तळाशी, शब्दकोड्याला चिकटून छापली होती. त्या दिवशी पुलावर आपणही होतात, वाचकहो. कोडे आपण पूर्ण सोडवलेत, त्याबद्दल अभिनंदन.