शंतनूचे चौदा क्लब

लेक योगिनीसाठी स्थळ बघायला मानवतहून काशीनाथराव आणि हेमाबाई वालूरला सुमनबाईंकडे आले, ते दाराच्या कडीपासून सगळं संशयानं न्याहाळतच. सुमनबाईंचा मुलगा शंतनू गोल्फ खेळतो आणि त्यावरच पोट भरतो, हे काशीनाथरावांना पचत नव्हतं. सुमनबाईंना मात्र ही सोयरीक हातची घालवायची नव्हती. आधीच्या तीन मुलीवाल्यांनी 'खेळाडू' हा शब्द ऐकूनच चहा अर्धा टाकला होता. अक्कल आपली आपली.

"परवाची टूर्नामेंट कशी झाली म्हनं?" काशीनाथरावांनी चाचपलं.

"चौथा आलो, काका," शंतनू म्हणाला. "दोन दिवस लय भारी गेले. तिसऱ्या दिवशी एका क्लबानं घात केला."

काशीनाथरावांची बशी ओठापाशीच थांबली. आपल्याकडे क्लब म्हणजे पत्त्यांचा अड्डा, हे शेंबडं पोरही सांगेल.

"किती क्लब हायत तुमचे?"

"चौदा. त्याच्यावर ठिवू देत न्हाईत."

"कोन? पोलीस?"

"न्हाई हो, नियमच हाय तसा."

पाहुणा दिपला, असं समजून सुमनबाई पुढे सरसावल्या. "चौदाच्या चौदा सोता पारखून घेतलेत त्यानं! शेवटाला उणे नऊवर हाय माजा लेक."

"उण्यात गेला, आन् तुमी मिरवायल्या?"

"ह्यात जेवढं उणं तेवढं चांगलं अस्तंय," सुमनबाई ठसक्यात म्हणाल्या. "तुमाला न्हाई कळायचं."

काशीनाथराव ताडकन उठले. "मला न्हाई कळायचं? चौदा क्लबांचा मालक म्हनं! मानवत, सेलू, परभणी, समद्या क्लबात माजी बैठक हाय. ह्येचं नाव कुटंच ऐकलं न्हाई!"

शंतनूनं आतून लांबलचक पिशवी आणून सतरंजीवर रिकामी केली. चौदा काठ्या खणखणल्या.

"काका, ह्येच क्लब. ह्यानंच चेंडू मारायचा."

काशीनाथराव हळूच खाली बसले. पण हेमाबाईंचं लक्ष काठ्यांकडे नव्हतंच.

"तुमची बैठक?" त्या म्हणाल्या. "आवो, दर शनिवारी सेलूला भजनाला जाता ना तुमी?"

काशीनाथरावांनी थंडगार चहा घाईघाईनं तोंडाला लावला.

"सुमनबाई, योगिनी तुमची झाली," हेमाबाई पदर खोचत म्हणाल्या. "पोरगं पत्त्याला शिवत न्हाई, ह्येच लय झालं."

मग त्यांनी एकेक काठी उचलून हातात तोलली, आणि नवऱ्यावरची नजर न काढता विचारलं,

"जावईबापू, जवळून मारायला ह्यातली कोन्ती?"