खडकमाचीच्या शिबिराचा समारोप

खडकमाचीत अस्पृश्यता औषधालासुद्धा नाही, हे येसाजी पाटलांनी निजसुरे साहेबांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा काशीराम देवळाच्या पायरीखाली उन्हात उभा होता. साहेबांनी त्याला वर बोलावलं, तर म्हणाला, "हितंच बरा हाय, सायब. वारा लागतो." वारा कुठेच नव्हता. १९८३ सालचा एप्रिल सरत आला होता आणि आंबेनळीच्या डोंगरात झाडाचं पान हलत नव्हतं.

निजसुरे साहेब तालुक्याहून समता शिबिर घ्यायला आले होते. दोन दिवसांचं शिबिर. साहेब स्वतः पुण्यात पाच दिवसांचं शिबिर करून आलेले, आणि तिथली सायक्लोस्टाइल केलेली पुस्तिका त्यांच्या काखेत होती. पुस्तिकेत एक प्रयोग दिला होता. गावातल्या एका प्रतिष्ठित माणसानं दोन दिवस अस्पृश्य व्हायचं, आणि अस्पृश्यता सोसलेल्या एकानं दोन दिवस प्रतिष्ठित व्हायचं. म्हणजे एकाचं दुःख दुसऱ्याला कळतं आणि मनं शुद्ध होतात, असं पान चारवर लिहिलं होतं.

"कोण तयार आहे?" साहेबांनी विचारलं.

गाव जमिनीकडे बघायला लागलं. येसाजी पाटील सरपंच. साहेबांसमोर गावाची मान खाली जाते म्हटल्यावर त्यांना राहवेना. "मी व्हतो," ते म्हणाले. "दोन दिसांचा तर खेळ. आन् माझ्या जागी आपला काशीराम."

काशीराम बौद्धवाडीतला. आठवड्यातून दोनदा पोलादपूरहून टपाल घेऊन डोंगर चढायचा. खडकमाचीत धड वाचता येणारी माणसं दोन, एक मास्तर आणि एक तो. मास्तर सुट्टीत गावी गेले होते. बौद्धवाडीची घरं सहा, आणि त्या सहा घरांचा झरा होळीलाच आटला होता. पाणी दोनच ठिकाणी. एक गावच्या विहिरीवर, पण तिथं आपला हंडा जोत्याखाली ठेवून कुणी वरून ओतील तोवर उभं राहायचं. दुसरं खालच्या वहाळात. तो पाऊण तासाच्या वाटेवर, आणि येताना सगळा चढ. महाडच्या तळ्याचं पाणी घेऊन छप्पन्न वर्षं झाली होती, पण ती बातमी अजून घाट चढत होती. पुस्तिकेप्रमाणे प्रतिष्ठित माणसानं विहिरीवर आपल्या हातानं पाणी काढायचं होतं. तेवढं ऐकलं आणि काशीरामनं लगेच होकार दिला.

"एकच विनंती," साहेब म्हणाले. "भूमिका मध्येच सोडू नका. पुण्यात लोक चहाच्या सुट्टीतच सोडून देत होते."

"पुन्याची मान्सं सोडत असतील," पाटील उसळले. "आमचा शबुद म्हंजे शबुद. भागोजी, नारळ आन रे!"

सगळं बिघडलं ते इथं. भागोजी गुरवानं काळकाईपुढे नारळ ठेवला आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं. "आय काळकाय, सायब शिबिराचा समारोप करीत नाय तवर पाटलानं शिवाशीव पाळायची, काशीरामानं पाटीलकी करायची. जो मदीच सोडंल त्याचं तू बगून घे!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडलं. साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी वहीत 'लोकसहभाग उत्तम' असं लिहिलं.

पहिल्या दिवशी साहेबांना फारसं शिकवावं लागलं नाही. कुणाला कसं वागवायचं हे पुस्तिकेतून वाचून दाखवायला ते उठले, तोवर पाटलांच्या बायकोनं, ठमाबाईंनी, नवऱ्याचं पान मागच्या अंगणात मांडलंसुद्धा. चहा आला तो कान तुटलेल्या कपातून.

"हा कप कुठून आणलात?" साहेबांनी विचारलं.

"गोठ्याच्या वळचणीला असतो."

"कुणासाठी?"

ठमाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं गोठ्याकडे. "असाच असतो," ठमाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पाटलांच्या ओंजळीत पाणी ओतलं ते छातीएवढ्या उंचीवरून. निम्मं पाणी पाटलांच्या सदऱ्यावर सांडलं.

"अगो, येवढ्या वरनं?"

"तेवढ्यावरनंच वततात. तुमच्या आयनंच शिकवलंय."

इकडे काशीरामची वेगळीच अडचण. त्यानं पाटलांना 'येसाजी' म्हणून हाक मारायची होती. चार वेळा तोंड उघडलं, चारही वेळा "पाटील" असंच निघालं. शेवटी साहेबांनी त्याला त्यातून सूट दिली. त्याच्या बायकोला, चंपाबाईला, मात्र कसली सूट लागली नाही. काशीराम पाटील तर ती पाटलीण. ती विहिरीच्या जोत्यावर चढली, दोर सोडला आणि पहिला हंडा काढला. वर आलेल्या पाण्याकडे ती थोडा वेळ नुसतीच बघत राहिली. मग तिनं वाडीकडे तोंड करून हाक दिली, "गीते, ये गो! आपन भावबंद हाव ना पाटलाचं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली आणि साहेबांना तातडीच्या बैठकीला घेऊन गेली. "उद्या येतो," साहेब जीपमधून ओरडले. "समारोप माझ्यासमोरच! तोवर कुणी भूमिका सोडायची नाही!"

उद्या उजाडला, परवाही उजाडला. पाचव्या दिवशी कळलं की साहेबांना कावीळ झाली, ते रजा टाकून वाईला गेले आणि पुढे त्यांची बदली ठरली आहे. शिबिर तसंच उघडं राहिलं.

पाटलांनी घरात पाऊल टाकायला बघितलं, तर ठमाबाई उंबऱ्यावर आडव्या. "अवो, नारळ तुमीच ठेवलाव. मुंबयला प्वॉर हाय माझा. त्याला कायी झालं तर?" पाटील मुकाट्यानं खळ्यावरच्या खोपीत राहायला गेले. खोपीतून विहीर समोर दिसायची. सकाळ-संध्याकाळ बौद्धवाडीतल्या बायका हसत-बोलत पाणी काढताना दिसायच्या, आणि पाटलांना हात धुवायलासुद्धा कुणाला तरी हाक मारावी लागायची. गावातल्या बायकांचा जीव विहिरीवर वरखाली व्हायचा, पण काळकाईपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. त्या पहाटे येऊन आधी भरून घ्यायच्या आणि जाताना चंपाबाईचा दोर पायानं बाजूला सारायच्या.

पाटलांनी गुरवाला गाठलं. "भागोजी, गाऱ्हानं उलट घाल."

भागोजी चार हात लांब सरकून म्हणाला, "सायब समारोप करीत नाय तवर, असं घातलंय. देवीला काय रोज नवं सांगायचं?" त्याला पाटलांची दया येत नव्हती असं नाही. पण देवळाच्या जमिनीवरून पाटलांनी त्याला दोन वर्षं हेलपाटे घालायला लावले होते, तेही तो विसरला नव्हता.

मग पाटील काशीरामकडे गेले. सवयीनं त्याच्या अंगणाबाहेरच थांबले, आणि आपण नक्की कुठल्या बाजूनं थांबलो आहोत हे त्यांचं त्यांनाच कळेना. "काशीराम, तुमी तर देवी मानत नाय. छप्पन साली सोडलीत. मंग तूच सोड ना ह्यो खेळ. तुला कसली भीती?"

"मला नाय, पाटील," काशीराम शांतपणे म्हणाला. "तुमाला हाय. म्हून तर आमाला पानी मिळतंय."

अकराव्या दिवशी पाटील पायपीट करत पोलादपूरला गेले. तिथं नव्या साहेबांना हे शिबिर ठाऊकच नव्हतं. "अर्ज द्या. लेखी उत्तर टपालानं येईल," ते म्हणाले. पाटलांनी लेखनिकाकडून अर्ज लिहून घेतला. परत येताना नाक्यावरच्या हॉटेलात त्यांनी चहा मागितला, तो बाहेर उभं राहून. मालक म्हणाला, "आत या की, पाव्हणं." तेव्हा कुठे पाटलांच्या ध्यानात आलं, आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माणसाची माती व्हायला अकरा दिवस पुरतात हे त्यांना त्या घटकेला खरोखर कळलं होतं, आणि ते तसंच टिकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

एकोणिसाव्या दिवशी टपालात ते पाकीट आलं. खाकी, सरकारी शिक्क्याचं. पोलादपूर सोडताना काशीरामनं ते पिशवीच्या तळाशी ठेवलं, आणि घाटाच्या पहिल्या वळणावर बाहेर काढून हातात घेतलं. खाली दरी होती. कुणी बघत नव्हतं. पण बौद्धवाडीतली पहिली सरकारी नोकरी ती होती, आणि टपाल दरीत टाकणारा माणूस तो नव्हता. वाटेत वहाळावर तो पाणी प्यायला थांबला, तर तिथंही आता गुडघाभर खड्ड्यातच पाणी उरलेलं.

गावात शिरताना तो आधी विहिरीवर गेला. चंपाबाई आणि वाडीतल्या पाच जणी तिथंच होत्या.

"आला कागुद," तो म्हणाला.

चंपाबाई एवढंच बोलली, "चुलीत घाल."

"सरकारी टपाल हाय, गो."

तिनं दोराकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "मंग सावकाश वाच," ती म्हणाली.

खोपीपुढे सगळं गाव जमलं. काशीरामनं पाकीट पाटलांच्या हातात दिलं, पाटलांनी ते तसंच परत त्याच्या हातात दिलं. "वाच, वाच लवकर!" काशीरामनं चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. एक काच झाली, मग दुसरी.

"जावक क्रमांक," त्यानं सुरुवात केली, "सकशि, तिरकी रेघ, चारशे सत्तावीस, तिरकी रेघ, त्र्याऐंशी."

विहिरीवर दोर करकरत होता. गीताबाईचा हंडा भरून निघाला.

"म्होरं!" पाटील म्हणाले.

"प्रति. श्री. येसाजी... हितं शाई पसरलीया. विषय. समता शिबिर मौजे खडकमाची याचे समारोपाबाबत. संदर्भ एक. आपला अर्ज दिनांक..." त्यानं दिनांक वाचला. खालचा शिक्का वाचला. संदर्भ दोन वाचला, तीन वाचला. इतकं रसाळ सरकारी पत्र खडकमाचीनं कधी ऐकलं नव्हतं. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी बाई हंडा घेऊन उतरली. चंपाबाईनं सगळ्यांना आधी भरू दिलं होतं. आता तिनं आपली घागर विहिरीत सोडली.

"महोदय," काशीराम म्हणाला, आणि थांबला.

"आरं, बोल की!"

"उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की..." आता पुढे एकच ओळ उरली होती. त्यानं विहिरीकडे बघितलं. घागर वर आली, हंड्यात रिकामी झाली, पुन्हा खाली गेली. "...की सदर शिबिराचा समारोप झाला असे समजावे. आपल्या गावातून अस्पृश्यतेचे संपूर्ण उच्चाटन झाल्याबद्दल अभिनंदन."

"झालाऽऽ!" गाव ओरडलं. भागोजी नारळ आणायला पळाला. ठमाबाई मात्र देवळाकडे न जाता तडक विहिरीवर गेल्या आणि त्यांनी चंपाबाईच्या हातातून दोर घेतला. ओढून घेतला नाही, नुसता घेतला. चंपाबाई जोत्यावरून खाली उतरली. हंडा अर्धाच भरला होता.

पाटील खोपीतून बाहेर आले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. एकोणीस दिवस ज्यानं सोसलं त्याच्या एका शब्दावर आता विहीर होती. पाटलांचा ऊर दाटून आला. त्यांनी चंपाबाईकडे पाहिलं, तिच्या अर्ध्या हंड्याकडे पाहिलं, आणि बायकोला म्हणाले, "ठमा, हिचा हंडा भरून दे. आन् येक ध्यानात ठेव. आजपास्नं जरा खालनं वतायचं. वरनं वतलं की लय सांडतं गो अंगावर."

गाव हेलावलं. "पाटील देवमानूस!" कुणीतरी म्हणालं. भागोजीनंही डोळे पुसले.

ठमाबाईंनी भरली घागर उचलली आणि खरोखरच खाली वाकल्या. तेवढ्यात चंपाबाईनं हंड्यावर हात आडवा धरला.

"ऱ्हाऊ द्या, पाटलीनबाय. ह्यो अर्दा मी काडलेला हाय. ह्यात तुमच्या हातचं नका मिसळू."

"म्हंजे?" ठमाबाई ताडकन उभ्या राहिल्या. "आमच्या हातचं पानी तुला चालत नाय? आमी काय..."

आणि पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर येईना. तो शब्द काय होता हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. गाव जमिनीकडे बघायला लागलं.

चंपाबाईनं हंडा डोक्यावर घेतला. काशीरामनं टपालाची पिशवी खांद्याला लावली, दोघांनी वाडीत जाऊन तो अर्धा हंडा घरी ठेवला आणि दोन रिकाम्या घागरी घेऊन वहाळाची वाट धरली. वहाळ पाऊण तास खाली होता, आणि येताना सगळा चढ होता.