दुपारी तीन ते पाच

“लिही,” भावोजी म्हणाले. “गुन्हेगार ज्यांच्या नुसत्या चाहुलीनं चळाचळा कापतात, पोलीस ज्यांच्यापुढे मान खाली घालतात, असे निवृत्त पण अजिंक्य गुप्तहेर.”

मेहुण्यानं लिहून घेतलं. पोलीस एकदाच आले होते, तेही भावोजी शेजाऱ्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीत ‘पुरावा’ शोधताना सापडले म्हणून, आणि मान त्या वेळी भावोजींनीच खाली घातली होती. पण मेहुण्याची उभी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात गेली होती. मूळ कागदात असेल ते उतरवायचं, चूक असेल तर ती चूकसुद्धा, आणि पदरचा स्वल्पविरामही घालायचा नाही. निवृत्त होऊन तो थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, राहायला आला, तेव्हा भावोजींनी त्याला त्याच दिवशी सहायक नेमलं. असा बिनडोक माणूस शोधून मिळत नाही, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं होतं.

भावोजी स्वतः वीज कंपनीत मीटर रीडर होते. चौतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली टॉर्च मारून आकडे टिपता टिपता त्यांचा ठाम समज झाला होता, की माणसांना काही विचारण्यात अर्थ नसतो. माणूस थापा मारतो, मीटर मारत नाही. या तत्त्वावर त्यांनी आजवर चार चोऱ्यांचा तपास केला होता. चारही वस्तू ताईला कपाटामागे सापडल्या.

पाचवं प्रकरण खुद्द ताईचं निघालं. ताई मुख्याध्यापिका होती, नुकतीच निवृत्त झाली होती, आणि महिनाभर रोज दुपारी तीनला बाहेर पडून पाचला परत येत होती. शेजारच्या खोलीतली स्वतःची बायको महिनाभर रोज दोन तास गायब असते हे भावोजींना ती दिसत नाही म्हणून कळलं नाही. घरच्या मीटरवर युनिटं कमी पडली, म्हणून कळलं.

मग त्यांनी पुरावे जमवले. ताईच्या डाव्या हाताचा अंगठा काळानिळा होता, केसांत लाकडाचा भुसा होता आणि पदराला कसलासा उग्र वास येत होता. भावोजींनी डोळे मिटले. कुणीतरी तिचे अंगठे घेऊन घर लाटतंय, ते म्हणाले. ताईला चांगली सही करता येते, असं मेहुण्यानं सुचवलं. म्हणूनच तर अंगठा, सही कुणीही ओळखेल, असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी भुशावर विचार झाला. बर्फ भुशात ठेवतात, बर्फात प्रेत ठेवतात, तेव्हा कुठंतरी एक प्रेत होतं. तिसऱ्या दिवशी वासाची पाळी आली आणि प्रेताला पॉलिश झालं. मेहुण्यानं तिन्ही दिवस इमानदारीत लिहून घेतलं आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

चौथ्या दिवशी पाठलाग ठरला. त्यासाठी वेषांतर हवं होतं. भावोजींनी पुष्कळ विचार करून मीटर रीडरचा वेष घेतला. जुना खाकी शर्ट, खांद्याला पिशवी, हातात टॉर्च. गल्लीच्या तोंडाशी दोन जणांनी त्यांना नमस्कार केला आणि तिसऱ्यानं वाढीव बिलाबद्दल शिव्या दिल्या. ताई कोपऱ्यावरच्या इमारतीआड वळली. भावोजीही वळले, आणि जिन्याखाली त्यांना ओळीनं नऊ मीटर दिसले. अर्ध्या तासानं ते बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडे नऊ बिनचूक आकडे होते आणि ताईचा पत्ता नव्हता.

“तू तिच्यावर लक्ष ठेव,” ते मेहुण्याला म्हणाले. “पण काही विचारू नकोस. विचारलंस की सावध होईल.”

मेहुण्यानं संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

“सुताराकडे जाते,” ताई म्हणाली. “स्टूल करायला शिकतेय. काल हातोडी अंगठ्यावरच बसली परत.”

“मग भावोजींना का नाही सांगितलंस?”

ताईनं गॅस बारीक केला. तिनं पूर्वी चित्रं काढून पाहिली, तेव्हा ह्यांनी झोपेतून उठून तिचं आभाळ सुधारून ठेवलं होतं. पोहायला शिकायला गेली, तर हे काठावर उभं राहून हात कसे मारायचे ते सांगत होते, आणि ह्यांना स्वतःला गुडघाभर पाण्यात धाप लागते. दोन्ही तिनं सोडलं. सुतार दिवसाला चार शब्द बोलतो, आणि त्यांतले दोन ‘परत कर’ असतात.

“ह्यांना कळलं तर उद्या ते तिथे खुर्ची टाकून बसतील,” ती म्हणाली. “मग मी हेही सोडीन. आणि आता काही सोडायचं वय नाही रे माझं.”

हे ती रडून बोलली असती तर मेहुण्याला सोपं गेलं असतं. ती शांतपणे बोलली, आणि त्याला भावोजींचा कधी नव्हे इतका राग आला. पण बाहेरच्या खोलीत भावोजी अहवालासाठी वही उघडून बसले होते, आणि मेहुण्यानं जन्मात मूळ कागदात नसलेलं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

तो वहीपुढे बसला. पेनाचं टोपण त्यानं काढलं, लावलं, परत काढलं.

“पाण्याच्या टाकीमागच्या बागेत,” शेवटी तो लिहिता लिहिता म्हणाला, “रोज तीन वाजता एक माणूस येतो. हिरवी पिशवी घेऊन. त्याचा एकच बूट पॉलिश केलेला असतो.”

“कुठला?” भावोजींचा आवाज चिरकला.

“डावा,” मेहुणा म्हणाला. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

ताई निर्दोष असून त्या हिरव्या पिशवीवाल्याच्या तावडीत सापडली आहे, हे भावोजींनी जागच्या जागी सिद्ध केलं. दुसऱ्या दिवसापासून ते तीन ते पाच बागेतल्या बाकावर वर्तमानपत्राआड बसू लागले. सुताराचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

मेहुण्याचं काम मात्र वाढलं. पिशवीवाल्याला भूतकाळ लागला, मग एक सावत्र भाऊ लागला. सकाळी लवकर उठून मेहुणा डाव्या हातानं वाकड्या अक्षरांत धमकीच्या चिठ्ठ्या लिहायचा, एखादा शब्द खोडून त्याहून झोंबणारा घालायचा, आणि चहा गार झालेला त्याला कळायचा नाही. स्वल्पविराम तर तो मनाला येईल तिथे देऊ लागला. चिठ्ठी बाकाखाली ठेवून परतताना त्याला तरुण असल्यासारखं वाटायचं.

ताईचं स्टूल झालं. विकत आणलं म्हणून तिनं ते घरात ठेवलं. भावोजी त्याच्यावर बसले, खालून टॉर्च मारला आणि हे कारखान्यातलं यंत्रावरचं काम असल्याचा निर्वाळा दिला. ताईनं तो प्रशस्तिपत्रकासारखा ऐकून घेतला आणि सुताराकडे टेबल करायला घेतलं.

त्या संध्याकाळी भावोजी सातवी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत त्याच स्टुलावर बसले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी चष्मा काढला.

“हा माणूस साधासुधा नाही,” ते म्हणाले. “काय लिहितो. पहिल्या ओळीत पकडतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. असलं डोकं तुला सात जन्मांत मिळायचं नाही.”

“खरंय, भावोजी,” मेहुणा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या लिखाणाला आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि पहिल्यांदा म्हटलं ते या माणसानं, याचं त्याला फार वाईट वाटलं.