नथ्थूभाऊंची ओंजळ

नवा हात आला की आमचे शेजारी नथ्थूभाऊ आधी त्यात तांब्याभर पाणी ओततात.

नथ्थूभाऊ आंधळगावचे विणकर. धानाच्या मळणी यंत्रात त्यांचा डावा हात कोपराखाली गेला. मागावर बसणं सुटलं, बोलणं मात्र दुप्पट झालं. नागपूरच्या एका कॉलेजातली इंजिनिअर मंडळी हात गमावलेल्यांनाच विचारून कृत्रिम हात घडवत होती. त्यांनी नथ्थूभाऊंचा सल्ला मागितला आणि बिचाऱ्यांची साडेसाती सुरू झाली.

त्यांनी आणलेल्या एका हाताने भरलेली बादली उचलली. दुसऱ्याने सायकलचं हँडल पकडलं. नथ्थूभाऊ तोंड वाकडं करून पंजात पाणी ओतायचे.

"गळून राहिलं ना जी! हात हाय का चाळणी?"

"अहो, हातात पाणी कशाला भरायचंय?" मी एकदा वैतागून विचारलं.

"आमच्या मीनाचं लगन हाय. मोठा भाऊ म्हणते, कन्यादान मी करतो. काहून? बाप जिता हाय ना! मले दोन हातांची ओंजळ पायजे, बस."



त्या मंडळींतल्या इंजिनिअर मॅडम मात्र चिवट. त्यांनी मोटर, वायरी, सगळं काढून टाकलं. अंगठा कुठे वळायला हवा ते नथ्थूभाऊंनी उजव्या हाताने दाखवलं, मॅडमनी बोटांच्या फटींत पातळ रबर बसवलं. पाणी थांबलं! त्या दिवशी नथ्थूभाऊ भरली ओंजळ घेऊन गल्लीभर फिरले. प्रत्येक दारात थांबून म्हणायचे, "पाहून घ्या, थेंब नाही!" दार उघडलं नाही तर लाथेने वाजवायचे, कारण हात रिकामे नव्हते.

लग्नात वहिनींनी, म्हणजे मीनाच्या आईने, त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. खाली मीनाची ओंजळ, तिच्याखाली जावयाची. मंत्र संपले. गुरुजी म्हणाले, "आता पाणी सोडा."

नथ्थूभाऊ हलेनात.

"भाऊ, सोडा ना पाणी."

"थांबा जी. मशीन अडकली."

मांडवात हशा पिकला. मी घाबरून शेजारच्या मॅडमकडे पाहिलं.

"त्यात अडकण्यासारखं काही नाहीच हो," त्या हळूच म्हणाल्या.

मी पाहिलं, तर नथ्थूभाऊंचा उजवा, खरा हातही हलत नव्हता. गुरुजी घड्याळ पाहू लागले. मीनाने मान वर करून बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपली ओंजळ तशीच धरून ठेवली.

"राहू द्या गुरुजी," ती म्हणाली. "मले घाई नाही."